दादांच्या जागी बसवलेला गूळ

जमील मिस्त्रीचं गॅरेज माझ्या दुकानाच्या बरोबर समोर आहे, हे माझं दुर्दैव मी एकोणीस वर्षं सोसतो आहे. चौसाळ्यात माझं गूळ-पेंडीचं दुकान. गिऱ्हाईक माझ्या पायरीवर येतं, सहज रस्त्यापलीकडे बघतं, तिथे कुणीतरी भला माणूस तोंडानं घर्र-फुस्स करत उभा असतो, आणि माझं गिऱ्हाईक पेंड विसरून तो तमाशा बघायला तिकडे निघून जातं. माझं किती नुकसान झालं असेल याची जमीलला फिकीर नाही. उलट मलाच म्हणतो, अप्पा, तुमीबी या की.

जमीलचा नियमच तसा आहे. जुनी गाडी घेऊन कुणी आलं की तो बॉनेटला हात लावत नाही. मालकाला एका उलट्या डब्यावर बसवतो, गॅरेजच्या मागेच घर असल्यामुळे रुकसानाभाभी चहा पाठवतात, आणि चहा संपला की जमील म्हणतो, आता वाजवून दाखवा. गाडीतून येणारा आवाज मालकानं स्वतःच्या तोंडानं काढायचा. गाडी मिस्त्रीच्या दारात आली की शहाण्यासारखी वागते, तिचा खरा आवाज मालकाच्या डोक्यात असतो, असं त्याचं म्हणणं. चारचौघांत असला आवाज काढायची लाज वाटणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.

हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी एकदा फार आढेवेढे घेतले. शेवटी लिंबाच्या झाडाआड जाऊन त्यांनी बारीक आवाजात टिक-टिक-टिक केलं. जमीलनं विचारलं, वरून येतो का, आणि गाडी पळवली की टिकटिकबी पळती का? सरांनी मान हलवली. जमीलनं टॅपेट ढिले झाल्याचं सांगितलं आणि तासाभरात ते बसवून दिले. लिंबागणेशच्या तुळजाबाईंना मात्र लाज वगैरे काही नव्हती. भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या बाई त्या. डब्यावर न बसता, कमरेवर हात ठेवून त्यांनी पोटातून असा काही धब्ब-धब्ब आवाज काढला की माझ्या दारात बांधलेली म्हैस दावं तोडून पळाली. जमीलनं टेम्पोची चावीच काढून घेतली. खालून जड ठोका येतोय म्हणजे बेअरिंग गेलंय, आणखी एक किलोमीटर चालवली तर इंजिन फुटेल, म्हणाला. खोललं तर बेअरिंगच निघालं. म्हैस संध्याकाळी परत आली.

आवाज वाजवून झाला की त्याचे चार प्रश्न असतात. गाडी थंड असताना येतो का तापल्यावर? चढाला येतो का उताराला? धूर काळा, निळा का पांढरा? आणि गाडीत कोण कोण बसलं होतं? चौथ्या प्रश्नाला लोक चिडतात. याला काय करायचंय आमच्या गाडीत कोण होतं ते. मलाही तो नुसता चोंबडेपणा वाटायचा. गहिनीनाथ येईपर्यंत.

गहिनीनाथ म्हणजे विठ्ठलरावांचा ड्रायव्हर. विठ्ठलराव हे पलीकडच्या गावचे पुढारी, आसपासच्या सात गावांची भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटतात, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची जीप आहे. पुढच्या डाव्या सीटवर दादा, उजवीकडे गहिनीनाथ, अशी ही जोडी बावीस वर्षं फिरते आहे. दादांची सीट म्हणजे दादांचीच. ते गाडीत नसले तरी तिथे कुणी बसत नाही, मागे दाटीवाटीनं बसतात आणि पुढची सीट मोकळी घेऊन गाडी जाते.

त्या रविवारी सकाळी गहिनीनाथ आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. चहाही त्यानं अर्धाच घेतला. चार महिन्यांपासून जीप आवाज करत होती. दोन ठिकाणी दाखवून झालं, दोघांनी इंजिन खोललं, काय काय नवं बसवलं, आवाज आहे तिथेच. आता दादा वैतागले होते. सोमवारी बीडला जाऊन नवी गाडी ठरवायची असं त्यांनी जाहीर केलं होतं. नवी गाडी आली की तिच्यावर ड्रायव्हर म्हणून आसारामचा भाचा बसणार, हेही ठरल्यासारखंच होतं. आसाराम म्हणजे दादांचा उजवा हात. दादा शिंकले तरी तो वा म्हणतो. त्यानंच दादांच्या कानात भरवलं होतं की गहिनीनाथ क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो, म्हणून बिचारी रडते.

म्हणजे संध्याकाळपर्यंत आवाज बंद झाला नाही तर जीपही जाणार आणि गहिनीनाथची भाकरीही जाणार. पन्नाशी उलटलेल्या, एकच गाडी चालवलेल्या माणसाला कोण ठेवणार होतं? मला वाईट वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही. आमच्या धंद्यात चेहरा सपाट ठेवावा लागतो.

जमीलवर काही परिणाम झाला नाही. त्यानं म्हटलं, वाजव. गहिनीनाथनं वाजवलं: घर्रर, टक-टक-टक, घर्रर. चांगलं वाजवलं. तापल्यावर येतो. चढालाच येतो, मांजरसुंब्याच्या चढाला तर हमखास. धूर नाही. मग चौथा प्रश्न आला, गाडीत कोण होतं. गहिनीनाथ म्हणाला, कोण म्हंजी, दादा.

जमील आणि गहिनीनाथ जीप घेऊन आमच्या रस्त्याच्या टोकाचा चढ चढून आले. आवाज नाही. पुन्हा गेले, मला बळंच मागे बसवून. तरी नाही. जमीलनं लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसला. इंजिन गुणी होतं. इंजिन ज्यावर टेकतं ते डाव्या बाजूचं रबर तेवढं दबून बसलं होतं, त्यामुळे इंजिन जरा हालत होतं. मग त्यानं विचारलं, मागच्या दोन मिस्त्र्यांनी गाडी चालवून बघितली तेव्हा दादा कुठं होते? गहिनीनाथ म्हणाला की दादा खाली उतरून सावलीत बसले होते, मिस्त्रीच्या शेजारी दादा कसे बसतील.

तेव्हा जमील हसायला लागला. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून, गुडघ्यावर हात मारत हसला. मला आधी कळेना. मग कळलं आणि मी दुकानाकडे तोंड फिरवून हसलो, कारण दादा माझंही गिऱ्हाईक आहेत.

आवाज दादा बसल्यावर येत होता. दादांच्या वजनानं काहीतरी कशाला तरी टेकत होतं. चार महिन्यांत दोन मिस्त्र्यांनी इंजिन खोललं, पण दादा, जरा गाडीत बसता का, मी खाली शिरतो, असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. जमीलचीही होईना. रुकसानाभाभी आतून म्हणाल्या, "मानूस जड असनं काय गुना हाय का? सांगा सरळ." गहिनीनाथनं हात जोडले. भाभी, सांगतील हे, आन् घरी बसंन मी, म्हणाला.

तोडगा मी काढला, हे इथे नमूद करतो, कारण जमील ही गोष्ट सांगताना ते वगळतो. दादांइतकं वजन सीटवर ठेवा, म्हटलं. वजन किती, ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी दादांची गूळतुला झाली होती. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं तर आपल्या वजनाइतका गूळ गावच्या मारुतीला देईन, असा त्यांचा नवस होता. मांडव घातला, मोठा तराजू टांगला, एका पारड्यात दादा आणि दुसऱ्यात गूळ. नव्वद किलो, असं आसारामनं माइकवरून तीनदा सांगितलं होतं. गूळ माझ्याच दुकानातला. दहा-दहा किलोच्या नऊ ढेपी.

मी नऊ ढेपी काढून दिल्या. त्या दादांच्या सीटवर रचल्या, पडू नयेत म्हणून दोरीनं बांधल्या, आणि माशा बसायला लागल्या तेव्हा रुकसानाभाभींनी त्यांची एक जुनी ओढणी वरून गुंडाळली. लांबून बघितलं तर कुणीतरी लठ्ठ बाई डोक्यावर पदर घेऊन बसल्यासारखी दिसत होती. गाडी चढाला गेली आणि परत आली. आवाज नाही.

तेव्हा जमीलनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझं डोकंच फिरलं.

"अप्पा," तो म्हणाला, "ढेपी दहा किलोच्याच हायत ना?"

एकोणीस वर्षांत माझ्या मापाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. मी दुकानातून काटा उचलून आणला, भर रस्त्यात ठेवला आणि एकेक ढेप त्याच्या नाकासमोर मोजली. एक तर दहा किलो शंभर ग्रॅम भरली. बघायला वीसेक माणसं जमली, तीही माझ्याच पायरीवरून उठून. जमीलनं कान पकडून माफी मागितली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसत होता. मला आजही वाटतं की त्याला शंका वगैरे काही नव्हती, मला रस्त्यात काटा घेऊन उभं करायचं होतं.

मग ढेपी पुन्हा सीटवर रचून तो गाडीखाली शिरला आणि खालूनच सांगायला लागला. सीटखालचा पत्रा वजनानं खाली येतो, त्याच्याखालून सायलेन्सरचा पाइप जातो, आणि दोघांत अजून बोटभर फट आहे. इंजिनचं रबर बसलेलं, म्हणून चढाला जोर लागला की पाइप हालतो. पत्रा आणखी थोडा खाली आला की गाठ पडणार. आणखी वजन टाका, म्हणाला.

दहावी ढेप टाकली. चढावर जाऊन आलो. आवाज नाही. अकरावी टाकली. जरा कुजबुजल्यासारखं झालं. बारावी टाकली आणि चढाला लागताच सीटखालून स्पष्ट आलं: घर्रर, टक-टक-टक. जमीलनं स्टेअरिंगवर थाप मारली. मी ओरडलोच. मग मी हिशेब केला. बारा ढेपी म्हणजे एकशेवीस किलो. तुला नव्वदची झाली होती. आणि तेव्हाच मला आठवलं की आसाराम माझ्याकडून नऊ ढेपी तुलेच्या आदल्या दिवशीच मोजून घेऊन गेला होता. जास्तीची एकही नेली नव्हती. वजन व्हायच्या आधीच वजन ठाऊक असणारा माणूस मी बिनडोकासारखा तेव्हा हुशार समजलो होतो.

गहिनीनाथ मागच्या बाकावर बसला होता. तो पांढराफटक पडला होता. गॅरेजला आल्यावर त्यानं आम्हा दोघांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. आसारामला वाटलं होतं, बारा ढेपी लागल्या तर लोक तोंड दाबून हसतील, दादांची शोभा होईल. नव्वद हा आकडा भारदस्त दिसतो. म्हणून दादांच्या पारड्याच्या मागच्या बाजूला एक दोरी बांधून ती वरच्या लाकडावरून पडद्यामागे घेतली होती, आणि पडद्यामागे ती ओढून धरणारा माणूस गहिनीनाथ होता. आदरापोटी केलं रे, म्हणाला. दादांचा नवस तीस किलोनं अपुरा राहिला होता आणि ते दादांना सोडून दोन माणसांना ठाऊक होतं. आता चौघांना.

आम्ही ठरवलं की काही बोलायचं नाही. गाडी दुरुस्त होतेय, बास. जमीलनं पत्रा वर घेऊन खालून पट्टी जोडली, पाइप टांगून धरणारा हँगर सरळ केला, इंजिनचं डावं रबर नवं टाकलं. चार वाजत आले. शेवटची परीक्षा म्हणून बाराही ढेपी पुन्हा सीटवर रचल्या, ओढणी गुंडाळली, आणि गहिनीनाथ चावी फिरवणार तोच आसारामची गाडी येऊन थांबली. आतून दादा उतरले.

दादा उतरले ते बघतच राहिले. त्यांच्या जीपमध्ये, त्यांच्या जागेवर, पदर घेतलेलं कुणीतरी बसलं होतं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. दादा काठी टेकत आले, ओढणी उचलली, आणि खाली गूळ निघाला.

"हे काय हाय, जमील?"

जमीलच्या अंगात शंभर खोड्या आहेत, पण गाडीच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही. त्यानं सगळं सांगितलं. आवाज तुम्ही बसल्यावरच येत होता, तुम्हाला बसा म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून तुमच्या जागी गूळ बसवला. पत्रा पाइपाला टेकत होता, ड्रायव्हरची काही चूक नव्हती, क्लच तर नव्यासारखा आहे. हे शेवटचं तो आसारामकडे बघून बोलला. दादांच्या मिशा हलल्या. मला वाटलं, झाली गोष्ट, सुटलो. पण दादा ढेपी मोजत होते.

"बारा कावून? तुलेला नऊ लागल्या व्हत्या."

जमीलच पुढे होऊन म्हणाला की ऑपरेशननंतर माणूस घरी बसून खातो, चार महिन्यांत वजन वाढतंच. आसारामनं ते वरच्या वर झेललं. वाढणारच, दादांना आराम सांगितला होता डॉक्टरांनी, वहिनींच्या हातचं तूप, अमुक आणि तमुक. दादांना ते पटलंसं दिसलं. गूळ उतरवला. दादा सीटवर चढायला गेले, पाय उचलताना कळवळले आणि स्वतःशीच म्हणाले, "नवस फेडला, तरी हा गुडघा काय सोडंना."

तेवढं ऐकलं आणि गहिनीनाथ ड्रायव्हरच्या सीटवरून खाली उतरला. मी त्याला डोळ्यानं खुणावत होतो की गप बस, तुझी भाकरी वाचलीय. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

"दादा, नवस फिटला न्हाई," तो म्हणाला. "मागून दोरी म्या धरली व्हती. तीस किलो कमी पडलेत."

आसारामचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, कारण आसाराम माझ्या दुकानाची पाटी पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाचत होता. मला गहिनीनाथचा रागही आला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटला. मी दोन्ही केलं नाही.

दादांनी विचारलं, दोरी किती वेळ धरली होतीस.

"भाषण संपस्तोर."

"कुणाचं भाषण?"

"आसारामचं. तुमी पारड्यात बसला व्हता, आन् त्यानं तुमच्यावर भाषण केलं की. पाऊण तास. हाताची सालटं निघालती, दादा."

दादांचं पोट हलायला लागलं. आधी आवाज नव्हता, नुसतं पोट. मग ते जीपच्या दांडीला धरून एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. जमील हसला, आतून रुकसानाभाभी हसल्या, रस्त्यावरची माणसं काही न कळता हसली. हसू ओसरल्यावर दादांनी डोळे पुसले आणि गहिनीनाथकडे बघितलं. नोकरी जाईल हे ठाऊक असून सांगितलंस, असं म्हणाले. गहिनीनाथ म्हणाला, गाडी बरी झाली, आता माझं काय व्हायचं ते व्हऊ द्या.

"तुला काय व्हायचंय बे? चावी लाव. सोमवारचं बीड रद्द. आता मारुतीला जायचं."

माझ्याकडून त्यांनी तीन ढेपी उचलायला लावल्या. मी सगळ्यात जड भरलेली त्यात घातली. आसाराम आपल्या गाडीकडे सरकत होता, त्याला दादांनी बोटानं बोलावलं आणि जीपच्या मागच्या बाकावर बसवलं. तिन्ही ढेपी मांडीवर घ्यायला लावल्या. खाली ठेवायच्या नाहीत, देवाचा गूळ आहे. मग दादा आपल्या जागेवर बसले, हात बाहेर काढून दांडीवर ठेवला आणि मागे न बघता म्हणाले, "आसाराम, ते भाषण पुन्हा म्हण. पयल्यापासून."

जीप निघाली. जमील आणि मी रस्त्याच्या मधोमध उभे राहून कान देऊन ऐकत होतो. चढ लागला, गहिनीनाथनं गिअर बदलला, गाडीतून टक नाही की घर्र नाही. वळणापर्यंत फक्त आसारामचाच आवाज येत होता.